फॅमिली डॉक्टरकडे येणाऱ्या पेशंटमध्ये किडनीचा जुनाट आजार किती जणांना असतो? मला शुगर आहे, पण क्रिएटिनिन नॉर्मल आहे, तर निर्धास्त राहू का?

जगभरात साधारण दहात एकाला. दवाखान्याच्या बाकावर त्याहून जास्त, कारण तिथे बसतात तेच मुळी शुगरवाले, बीपीवाले आणि साठी ओलांडलेले. नुसत्या शुगरवाल्यांचंच बघितलं तर तिघांत एकाच्या आसपास. बहुतेकांना पत्ताच नसतो, कारण दुखत काहीच नाही.

आता तुमचं ‘क्रिएटिनिन नॉर्मल’. मी परळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

माझी मावशी लालबागला राहते. वय ६५, शुगर जुनी. रिपोर्टची घडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यायची. ते शुगर बघायचे, बीपी मोजायचे, बाकी कागदावर ठळक छापलेलं काही आहे का यावर नजर फिरवायची की झालं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, १.२. त्या लॅबची वरची मर्यादाही १.२, म्हणून आकडा ठळक नाही. अहो, पण हाच १.२ तिशीतल्या पुरुषाचा असेल तर ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा अंदाज, ८० च्या वर निघतो, आणि पासष्टीच्या बाईचा ५० च्या आसपास! तो ६० च्या खाली तीन महिने राहिला की जुनाट आजारच म्हणायचा. त्यात गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या, म्हणजे किडनीवर ताण आणणाऱ्या पेनकिलरच्या, गोळ्या चालूच.

मी म्हटलं, लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे किडनी बिघडली की गळणारं प्रथिन, तपासू, एसीआर ही लघवीची टेस्ट करू. तर मावसभाऊ म्हणतो, “तू लॅबवाला, तुला टेस्टच सुचणार, धंदाच तो. डॉक्टरांना कळत नाही का?”

पुढे पाय सुजले, चपलेचा पट्टा रुतायला लागला, तेव्हा कुठे टेस्ट झाली. ३० च्या आत हवा तो आकडा ४०० च्या वर. नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, पेनकिलर बंद केल्या, बीपीची गोळी बदलली, डापाग्लिफ्लोझिन हे किडनीलाही जपणारं शुगरचं औषध सुरू केलं. आता बरी आहे. भाऊ मात्र अजून म्हणतो, “वयोमानाने होतंच.” नाही होत. वयाबरोबर ईजीएफआर थोडा उतरतो हे खरं, पण नुसतं वय झालं म्हणून लघवीतून एवढं अल्ब्युमिन जात नाही. एसीआर काही शे रुपयांत होते. डायलिसिसवर गेलेला माणूस आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनला जोडलेला असतो. धंदा कशाला म्हणायचं ते भावाने ठरवावं.

तुम्हाला शुगर आहे, म्हणजे वर्षातून एकदा ईजीएफआर आणि एसीआर दोन्ही करा. एसीआरला सकाळची पहिली लघवी द्या. मात्र ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असेल तर थांबा, तेव्हा अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. एका रिपोर्टवर आजाराचा शिक्का मारू नका, तीन महिन्यांनी पुन्हा बघतात. आणि चालू गोळ्या माझं वाचून बंद करू नका, ते डॉक्टरांना विचारूनच.