वाचकांचे प्रश्न : निळ्या दिव्याखालचे कोरल फोटोत खऱ्या रंगात कसे आणायचे?

प्रश्न : टाकीसमोर उभं राहिलं की झोअँथिड जातीच्या कोरलचे हिरवे-केशरी रंग लखलखताना दिसतात. मोबाइलने फोटो काढला की सगळं जांभळट निळं. मोबाइल बदलायला हवा का? (पुणे)

उत्तर : मुळीच नको. रीफ टाकीवरच्या (कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवरच्या) एलईडीचा बहुतेक उजेड ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळ्याच्या, आसपास एकवटलेला असतो आणि सोबत ४०० ते ४२० चा थोडा जांभळा असतो. कोरलमधली फ्लोरोसंट प्रथिनं तो शोषतात आणि हिरवा, केशरी, लाल उजेड बाहेर टाकतात. तुम्हाला आवडणारा रंग हा आहे, आणि भोवतालच्या निळ्याच्या मानाने तो फार मंद असतो. आपला डोळा काही मिनिटांत निळ्याला सरावतो. मोबाइलचा ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग आपोआप जुळवणारी सोय) ऊन, ढगाळ हवा, घरातले दिवे एवढ्यांसाठीच बेतलेला असतो. त्याला हे जमत नाही.

म्हणून जादा निळा लेन्सपर्यंत पोचूच द्यायचा नाही. मोबाइलला चिमट्याने लावायचे पिवळे-केशरी फिल्टर मिळतात. गडद पिवळा फिल्टर साधारण ५०० नॅनोमीटरच्या खालचा उजेड अडवतो, केशरी त्याहून पुढचाही थोडा अडवतो. दिव्याचा पांढरा चॅनेल (पांढऱ्या एलईडींचा वेगळा गट) बऱ्यापैकी चालू असेल तर पिवळा पुरतो. दिवा जवळपास निव्वळ निळ्यावर असेल तर केशरी लावा. केशरी जास्त झाला की हिरवे कोरल पिवळट दिसतात आणि निळे कोरल काळपट. तसं झालं तर हलका फिल्टर लावून पुन्हा फोटो घ्या. फिल्टरने अडवलेला रंग एडिटिंगमध्ये परत येत नाही.

एक गोष्ट हमखास चुकते. मोबाइल काचेच्या अगदी जवळ नेला की बरेच फोन आपोआप अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर जातात. फिल्टर एका लेन्सवर आणि फोटो दुसऱ्या लेन्समधून, असं होतं. मॅक्रो मोड बंद करा, थोडं मागे या आणि २एक्स किंवा ३एक्स वापरा. मग कोरलवर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि हिरव्या भागातले बारकावे दिसू लागेपर्यंत उजेडाची पट्टी खाली ओढा. नाइट मोड आणि फ्लॅश बंद.

प्रश्न : व्हाइट बॅलन्ससाठी पांढरा कागद धरला, तरी रंग चुकतात. का? (नाशिक)

उत्तर : कागदामुळेच. छपाईच्या कागदात तो शुभ्र दिसावा म्हणून चमक आणणारी रसायनं असतात. दिव्यातल्या जांभळ्या उजेडात ती स्वतःच निळी चमकतात. म्हणजे तुम्ही कॅमेऱ्याला दाखवलेला पांढरा मुळात पांढरा नसतो.

प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप घ्या. ती चमकत नाही आणि खाऱ्या पाण्यात तिला काही होत नाही. प्लॅस्टिकच्या काडीवर आठ-दहा वेढे घट्ट द्या. एकच थर ठेवलात तर खालच्या काडीचा रंग आरपार दिसतो. काडी कोरलच्या शेजारी, त्याच खोलीवर धरा, कारण वरचा उजेड आणि वाळूजवळचा उजेड सारखा नसतो. फिल्टर आधी लावा, व्हाइट बॅलन्स नंतर घ्या. रीडिंग घेताना टेप फोटोत पांढरीफटक होऊ देऊ नका. फोटोतला निळा चॅनेल (निळ्या रंगाचा भाग) भरून वाहिला, म्हणजे कमाल मर्यादेला पोचला असेल तर ते रीडिंग खोटं असतं.

प्रश्न : माझ्याकडे मिररलेस कॅमेरा आणि १०० मिमी मॅक्रो आहे. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढूनही व्हाइट बॅलन्सच्या तापमानाची पट्टी टोकाला जाते, आणि निळ्या कोरलचा नुसता डाग उरतो. (ठाणे)

उत्तर : या दोन वेगळ्या अडचणी आहेत.

पट्टी टोकाला जाते कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत व्हाइट बॅलन्स १०,००० केल्विनला थांबतो. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइलसाठी तो ५०,००० पर्यंत नेता येतो, पण निव्वळ निळ्या दिव्याला तेवढाही अपुरा पडतो. अडोबीच्या मोफत डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये तापमान सरकवलेलं स्वतःचं प्रोफाइल (रॉ फाइलचे रंग कसे वाचायचे ते सांगणारी फाइल) करता येतं. मात्र दिव्यात लाल जवळपास नसेल तर लाल चॅनेल ओढून वाढवावा लागतो आणि सावल्यांत दाणे उठतात. त्यामुळे आम्ही आधी दिव्याला हात घालायला सांगू. फोटोपुरता निळा निम्म्याने उतरवा आणि पांढरा २० ते ३० टक्क्यांवर आणा. दहा-पंधरा मिनिटांत कोरलला अपाय होत नाही. पांढरा एकदम १०० टक्क्यांवर नेऊ नका. जांभळ्या ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलसाठी तर पांढरा हवाच. त्याचा जांभळा बहुधा न चमकणाऱ्या प्रथिनांचा असतो. ती निळा आणि लाल परतवतात, आणि निळ्या दिव्यात परतवायला लाल नसतोच.

डाग पडतो तो फोटोतला निळा चॅनेल फुटल्यामुळे, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन बारकावे गेल्यामुळे. एकत्रित हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) व्यवस्थित दिसतो आणि निळा तेवढा उजव्या भिंतीला चिकटलेला असतो. स्क्रीनवर लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि एक्स्पोजर १ ते १.७ स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). तरीही जेपीईजी करताना डाग आला तर कारण वेगळं आहे. एलईडीचा गडद निळा एसआरजीबीच्या (स्क्रीन आणि वेबवरच्या नेहमीच्या रंगकक्षेच्या) बाहेर पडतो. १६ बिट प्रोफोटो या जास्त रुंद रंगकक्षेत काम करा, निर्यातीपूर्वी निळ्याचं सॅच्युरेशन उतरवा आणि मगच एसआरजीबीत बदला.

सुरुवात एफ ८, १/१०० सेकंद आणि आयएसओ ४०० ते ८०० ने करा. मेकॅनिकल शटर वापरा. मंद केलेले बरेच एलईडी प्रत्यक्षात झपाट्याने चालू-बंद होत असतात आणि इलेक्ट्रॉनिक शटरला त्याचे आडवे पट्टे येतात. निळ्या उजेडात ऑटोफोकस भटकतो. लाइव्ह व्ह्यू मोठा करून पॉलिपच्या (कोरलमधल्या एकेका छोट्या जिवाच्या) तोंडावर हाताने फोकस करा. लेन्स काचेला काटकोनात ठेवा. तिरकं धरलंत की कडांना जांभळी झालर येते आणि फोटो मऊ पडतो. ट्रायपॉड लावा आणि खोलीतले दिवे मालवा.

काच अर्धा तास आधी चुंबकाने पुसून ठेवा, म्हणजे उडालेला कचरा बसतो आणि दचकून मिटलेले पॉलिप पुन्हा उघडतात. फोटोच्या वेळी वेव्हमेकर (टाकीत लाटा करणारा पंप) आणि रिटर्न पंप (सम्पमधलं, म्हणजे टाकीखालच्या जोडटाकीतलं पाणी वर आणणारा) बंद करा. सम्पमध्ये उतरणारं पाणी मावेल एवढी जागा आहे का, ते आधी पाहा. फोनवर दहा मिनिटांचा गजर लावा. पंप चालू करायचा राहून गेला तर त्याची किंमत कोरल आणि मासे मोजतात.

प्रश्न : मी फ्रॅग (कोरलचे कापलेले छोटे तुकडे) विकते. घरी नेल्यावर रंग वेगळा दिसतो अशी तक्रार येते. (न्यू जर्सी)

उत्तर : एका फ्रॅगचे दोन फोटो द्या. एक रोजच्या निळ्या दिव्यात, फिल्टरसह. दुसरा पांढरा वाढवून, फिल्टरशिवाय. खाली दिव्याचं मॉडेल, निळ्या-पांढऱ्याची टक्केवारी आणि फिल्टरचा रंग लिहा. सॅच्युरेशनची पट्टी शून्यावरच ठेवा. ती वाढवून विकलेला रंग गिऱ्हाइकाच्या टाकीत कधीच दिसणार नाही, आणि त्याला वाटेल की कोरल आजारी आहे.

प्रश्न : सरावासाठी मालवणच्या समुद्रातून कोरलचा एखादा तुकडा आणला तर चालेल का? (कुडाळ)

उत्तर : नाही, मेलेला तुकडासुद्धा नाही. खडक बांधणारे सर्व कोरल, काळे कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहेत, आणि मालवणला तर सागरी अभयारण्यच आहे. सराव कोरलशिवायही होतो. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर पिवळ्या आणि केशरी हायलायटरने ठिपके द्या, शेजारी टेफ्लॉनची काडी ठेवा आणि निळ्या एलईडीखाली फोटो काढा. ही शाईसुद्धा निळा शोषून स्वतःचा रंग बाहेर टाकते. टेप पांढरी दिसायला हवी, ठिपके डोळ्याला दिसतात तेवढेच चमकायला हवेत आणि ठिपक्यांच्या कडा स्पष्ट हव्यात. हे तिन्ही एका फोटोत जमलं की तीच सेटिंग टाकीवर वापरून पाहा.