कुवेतची डस्ट आणि दम्याचं मूल

नवऱ्याला कुवेतमध्ये नोकरी लागली आहे, सहा वर्षांच्या मुलाला दमा आहे, त्याला तिथली धूळ सोसेल का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, पगार, भाडं याबद्दल कुणीही सांगेल. मी धुळीचंच सांगते. माझ्या लेकीलाही दमा आहे, म्हणून तुमचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

इथे सगळे "आज डस्ट आहे" एवढंच म्हणतात. मार्चअखेरपासून मेपर्यंत ती अचानक येते. लख्ख ऊन असतं, बघता बघता आभाळ केशरी होतं, मग तपकिरी, आणि भरदिवसा गाड्यांचे दिवे लागतात. २५ मार्च २०११ला तर धुळीची भिंतच शहरावर चालून आली होती. जून-जुलैचा शमाल वारा वेगळा. तो वायव्येकडून, दक्षिण इराकच्या सुकलेल्या जमिनीवरून दिवसचे दिवस वाहतो. दुपारी जोर धरतो, रात्री मंदावतो, म्हणून बाहेरची कामं पहाटेच उरकायची. मे २०२२मध्ये लागोपाठ वादळं आली तेव्हा विमानंही थांबवावी लागली.

ही धूळ मैद्यासारखी बारीक असते. खिडक्यांच्या फटींना टेप लावा, दाराखाली ओला पंचा ठेवा, एसीची जाळी धुवा, तरी आत येतेच. सकाळी उशी उचलली की तिच्याखाली चादरीचा पांढरा चौकोन दिसतो, बाकी चादर तांबूस.

लेक तिसरीत असताना शाळा अशा दिवशीही चालू असायची. घरी ठेवलं की दर वेळी डॉक्टरची चिठ्ठी मागायचे. चिठ्ठीसाठी धापा टाकणाऱ्या पोरीला त्याच धुळीतून दवाखान्यात न्यायचं! वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकावर शेरा आला, 'पालकांचे दुर्लक्ष'. अजून जळतं मला ते.

मुलाचा सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, हातात येईपर्यंत सरकारी दवाखान्यात अडवणूक होते. तोवर पुरतील इतके इनहेलर, स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) आणि डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन सोबत आणा.

एकटेपणाचंही विचारलंत. मराठी माणसं भेटतात, गणपती बसतो, सवय होते.

लेक आता सांगलीला आजीजवळ शिकते. तिथे तिला धाप लागत नाही. नवरा म्हणतो, बरं केलं. फोनवर ती आता मला नाही, आजीला विचारून सगळं ठरवते, तेव्हा मला तसं म्हणवत नाही.

म्हणून तुम्हाला 'या' किंवा 'येऊ नका' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. नवऱ्याला आधी एकट्याला येऊ द्या. मुलाला नोव्हेंबरात आणा, हवा निवळलेली असते. हिवाळाभर त्याची छाती कशी राहते ते बघा आणि मार्चच्या आत ठरवा. शाळा एप्रिलच्या प्रवेशासाठी घाई करेल. करू दे. एक वर्ष बुडालं तरी चालेल.