जुन्या बॅटरी-बँकेत नवे सेल घालू नका

भामरागडकडच्या टोल्यावर (पाड्यावर) ३२ घरांचं सोलर, दुसऱ्याच श्रावणात रात्री नऊलाच अंधार, आणि "आणखी पॅनल लावू का?" हा तुमचा प्रश्न. वाचलं आणि राहवलं नाही. नागपूरहून मीही अशाच एका गावासाठी चार वर्षं चकरा मारल्या आहेत.

पॅनलचे पैसे सध्या राहू द्या भाऊ. दोष बहुधा बॅटरीत असेल. आधी हायड्रोमीटर (सेलमधल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) घेऊन एकेक सेल तपासा.

आमची बँक, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या लेड-ॲसिड सेलचा संच, ४८ व्होल्टची, २ व्होल्टचे २४ सेल. त्यातले ६ बसले. ज्या कार्यालयाकडे देखभाल होती त्यांनी आठ महिने पत्राला उत्तर दिलं नाही. मग "नादुरुस्त तेवढेच बदलता येतात" म्हणून ६ नवे पाठवले आणि मी पोचपावतीवर सही केली. ती सही फार महागात पडली. जुन्या सेलचं व्होल्टेज लवकर चढतं, चार्जर एकूण व्होल्टेज बघून हात आखडता घेतो, नवे अर्धपोटीच राहतात आणि त्यांच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो. पुढच्या दिवाळीपर्यंत २४ च्या २४ भंगारात. लेकरं पुन्हा चिमणीच्या उजेडात अभ्यासाला बसली, ते आजही डोळ्यांपुढून जात नाही. थोडेच सेल देत असतील तर घेऊच नका, लेखी नकार द्या.

झडीत चार-पाच दिवस ऊन नसतं, तेव्हा बँक अर्धी रिकामी पडून राहते आणि तिथेच मरते. म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो: पावसाळ्यासाठी छोटा डिझेल जनरेटर ठेवाच. स्कॉटलंडच्या एग बेटावर २००८ पासून पाणी, वारा आणि उन्हावर वीज चालते, पण जनरेटर तिथेही राखीव आहे. शिवाय एका घराला एका वेळी ५ किलोवॅटच्या वर मिळत नाही. तुमच्याकडे मर्यादा फारच कमी ठेवावी लागेल, पण ती ग्रामसभेतच ठरवा, आणि चक्की फक्त भर दुपारी.

बॅटरीची खोली टिनाची असेल तर वर गवताचं छप्पर घाला. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपला मे महिना तुम्हाला ठाऊक आहे.

मी इंजिनिअर नाही, तुमची बँक डोळ्यांनी पाहिलेली नाही. लिथियम असेल तर यातलं बरंचसं लागू नाही. पूर्ण चार्जनंतर दोन तास थांबून सगळ्या सेलची रीडिंग घ्या आणि इथे टाका, सोबत बसवल्याची तारीखही.