जुन्या शर्यतींचा अभ्यास सुरू करताना

जुन्या स्पोर्ट्स कारच्या इतिहासाची गोडी तुम्हाला नुकतीच लागली असेल, तर सगळ्याच गाड्यांच्या मागे न धावता एकच शर्यत निवडावी आणि ती मुळापासून वाचावी. १९५५ ची मिले मिलिया घ्या. इटलीतल्या ब्रेशियाहून रोमला जाऊन परत येणारी सुमारे १,६०० किलोमीटरची ही शर्यत ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉसने मर्सिडीज ३०० एसएलआरमधून १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत जिंकली, तेव्हा शेजारी बसलेला पत्रकार डेनिस जेंकिन्सन डबीतल्या लांबलचक कागदी गुंडाळीवरची वळणांची टिपणे पाहून हाताच्या खुणांनी त्याला पुढचा रस्ता सांगत होता. गाडीवरचा ७२२ हा आकडा म्हणजे सुटण्याची वेळ, सकाळचे ७ वाजून २२ मिनिटे. जुने छायाचित्र ओळखताना हा तपशील फार उपयोगी पडतो. मात्र आकडा कोणालाही रंगवता येतो, म्हणून गाडीची ओळख पटवताना आधी चॅसी नंबर (गाडीच्या सांगाड्याचा क्रमांक) आणि त्याच्या नोंदी पाहाव्यात.

बुधवारी किंवा रविवारी आपल्या पुण्याच्या जुन्या बाजारात मोटारींची मासिके हाती लागलीच, तर निकालाचे पान शाबूत आहे ना, एवढे बघून घासाघीस करावी. गुळगुळीत कागदाची चित्रमय पुस्तके नंतर घेतली तरी चालतात. त्याच १९५५ साली फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीतील अपघातात ८० हून अधिक माणसे गेली, आणि ते वगळून नुसते वेगाचे गोडवे गाणारे लेखन मी तरी बाजूला ठेवतो.