दोन वीकेंडमध्ये नागपूर संपत नसतं

बेटा,

तुझा मेसेज वाचला. "काका, दोन वीकेंडमध्ये नागपूर बघून झालं, आता पुढे काय?" असं विचारून राहिला तू. फोटो पण पाहिले सगळे, झिरो माइलचे घोडे, दीक्षाभूमी, फुटाळा, अजब बंगला, अंबाझरी, म्हणजे पोरगा फिरायला आळशी नाही हे कळलं. पण काकूने फोटो पाहून एकच विचारलं, सगळीकडे हा एकटाच काहून आहे? जागा भरपूर आहेत रे, तुला सोबत कमी पडून राहिली.

मस्कतमध्ये तुला याची कधी गरजच पडली नाही. मी तुझ्या बाबांसोबत तिथे होतो तेव्हा पाहिलं आहे, शुक्रवार उजाडायच्या आधी कोणाकडे जमायचं, कोण पुरणपोळी आणणार, कोण कोल्ड्रिंक, सगळं ठरलेलं, गणपती मंडळाचा, कोजागिरी मंडळाची, पिकनिक पण मंडळाचीच. तिथे सगळेच बाहेरचे, त्यामुळे सगळ्यांनाच माणसं हवी असतात. इथे तुझ्या टीममध्ये बाहेरचा तू एकटा. बाकीच्यांची शाळेची पोरं अजून सोबत आहेत, मामाचं घर दोन चौक पलीकडे, दर महिन्याला कोणाचं तरी लग्न नाहीतर बारसं. ते तुला टाळून नाही राहिले, त्यांच्या डोक्यातच येत नाही की शनिवारी संध्याकाळी एखाद्याला जायला घर नसेल. आणि तू सभ्य पोरगा, वाट पाहत बसला की कोणीतरी बोलवेल. असं नाही होत इथे. नागपूरचा माणूस स्वतःहून प्लॅन करत नाही, पण त्याला विचारलं की मग त्याला आवरणं कठीण.

विचारायचं कसं ते सांगतो. उद्या लंचला फक्त एवढंच म्हण, "सावजी खायचं आहे, कुठलं चांगलं?" आणि गप्प बस. एक म्हणेल महाल भागात चल, दुसरा म्हणेल काय बे महाल, गोळीबार चौकाला चल, तिसऱ्याचा कोणीतरी काका असेल ज्याच्या ओळखीचं भोजनालय सगळ्यात भारी, आणि अर्ध्या तासाने तुला घेऊन जायचं हे ठरलेलं असेल, वर पैसे पण देऊ देणार नाहीत. फोनवरचे स्टार पाहून एकटा गेला तर मटण मिळेल, ही मजा नाही मिळायची. सावजी हे मूळचं इथल्या हलबा कोष्टी लोकांचं, विणकरांचं जेवण, काळा मसाला, वर तेलाचा तवंग, आणि मेनू कार्डापेक्षा वाढणाऱ्याच्या तोंडून ऐकून ऑर्डर द्यायची. खूर, म्हणजे पायाचा रस्सा, खाऊन पहा. "जरा कमी तिखट करा" असं म्हणू नको, रस्सा कढईतच तयार असतो, तो तुझ्यासाठी काय कमी करणार, तूच कमी घे आणि पोळी जास्त घे. सोबत कोणी शाकाहारी असेल तर बेसनाच्या वड्यांचा पाटोडी रस्सा, त्यातही तिखट तेवढंच असतं, बिचाऱ्याला आधी सांगून ठेव.

दुसरं म्हणजे एक ठेला पकड. सकाळी तर्री पोह्याचा. तू आज इथे उद्या तिथे असं करतो, कारण तुला "बेस्ट पोहे" शोधायचे आहेत. बेस्ट वगैरे काही नसतं रे, घराजवळचा एक घे आणि रोज त्याच वेळेला जा. वाफेवरचे पोहे प्लेटमध्ये, त्यावर चण्याची लाल तर्री, वरून चिवडा, कच्चा कांदा, लिंबाची फोड. पहिले काही दिवस तो विचारेल तर्री कमी का जास्त, मग एक दिवस विचारणार नाही, तुला पाहिजे तेवढीच टाकून प्लेट पुढे करेल, आणि प्लेट अर्धी झाली की न मागता पुन्हा एक पळी. तिथे उभे असणारे पण रोजचेच असतात, बँकवाला, जिमवरून आलेली पोरं, शाळेत पोराला सोडून आलेला बाप. त्यांच्याशी ओळख करायला काही डोकं लावायला लागत नाही, मॅचचा विषय काढ, विदर्भाने रणजी तीनदा जिंकली आहे, २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५, एवढं पाठ असलं तरी पुरे, पुढचं तेच बोलतील. फ्लॅट, गॅस, गाडीचा मेकॅनिक, डब्याची मेस, हे सगळं तुला त्या ठेल्यावर मिळेल. मनीष नगरच्या तुझ्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तुला फक्त पाण्याच्या टँकरचे मेसेज मिळतील.

ठेल्यावरून आठवलं, पानठेल्यावर उभं राहायला माझी हरकत नाही, नागपूरच्या निम्म्या गप्पा तिथेच होतात. पण खर्रा नाही. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून ती पोरं घोटत बसतात, बोलता बोलता तुझ्यासमोर हात येईल, "घे ना, थोडासा." पहिल्याच वेळी हसत नाही म्हण आणि मिठा पान सांग. एकदा नाही म्हटलं की पुन्हा कोणी आग्रह करत नाही, एकदा घेतलं की रोज करतात. तोंड न उघडणारी माणसं मी माझ्या नात्यात पाहिली आहेत, या विषयावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही.

आता फिरण्याचं. तुला वाटतं नागपूरकरांनी नागपूर पाहिलेलं असतं? विचारून पहा ऑफिसमध्ये, सीताबर्डीच्या किल्ल्यावर कोण कोण गेलं आहे. बर्डीला आयुष्य काढलेली माणसं आहेत, मेट्रो बदलायला रोज त्या टेकडीखालून जातात, वर पाय ठेवलेला नाही. १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये अप्पासाहेब भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली ती तिथेच. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, सामान्य माणसाला आत सोडतात ते २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. येत्या १५ ऑगस्टला ऑफिसात झेंडावंदन झालं की चार जणांना म्हण, मला किल्ला दाखवा. त्यांनाच कोणीतरी दाखवावा अशी परिस्थिती आहे, पण पाहुण्याच्या निमित्ताने येतील सगळे. तुझं बाहेरचं असणं असं वापर ना.

रामटेकला पण एकटा जाऊ नको. ५० किलोमीटरच्या आसपास आहे, पावसात रस्ता सुंदर असतो, गाडी शिकलेला एक आणि पोहे बांधून आणणारी एक एवढी टीम पुरे. सगळे लोक थेट गडावर राममंदिरात जातात, कालिदासाचं स्मारक पाहतात, माकडांना प्रसाद देऊन परत येतात (देत नाहीत खरं म्हणजे, माकडं घेतात). तू त्यांना केवल नरसिंहाच्या देवळात घेऊन जा, वाकाटकांच्या काळातलं आहे ते, पाचव्या शतकातलं, लाल दगडाचं, बुटकं, आत नरसिंह नुसता बसलेला, आणि तिथे बहुतेक वेळा गर्दी नसते. मग खाली येऊन खिंडसी तलावावर भुट्टा खा. पेंचचं वाघांचं जंगल आता नाही, पावसाळ्यात कोअरचे गेट बंद असतात, ऑक्टोबरमध्ये पाहू. जिप्सीचे पैसे आख्ख्या गाडीचे लागतात आणि सहा जण बसतात, म्हणजे तुला पाच माणसं शोधावीच लागतील, वाघ दिसो न दिसो. तिथे रात्री आकाश पाहायची पण सोय आहे, जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. मस्कतच्या बाहेर वाळवंटात तुम्ही लोक तारे पाहायला जायचे ना, इथे कसे दिसतात ते मला सांग.

पण हे सगळं बाजूला ठेव, एक दिवस मात्र आत्ताच सुट्टी टाकून ठेव, पोळ्याचा दुसरा दिवस. मारबत. नागपूरला यायचं आणि मारबत नाही पाहायची हे मला चालणार नाही. १८८० च्या दशकापासून निघते ही मिरवणूक. एक काळी मारबत, एक पिवळी, दोन्ही प्रचंड बाया, बांबू-कागदाच्या, इतवारीच्या गल्लीत त्या समोरासमोर आल्या की लोक असे काही ओरडतात की बाजूच्या माणसाचं ऐकू येत नाही. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" हे तर असतंच, पण त्यासोबत बडगे असतात, पुतळे, त्यावर पाट्या, त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याच्या नावाने, महागाई, रस्त्यातले खड्डे, पुढारी, कोणाला सोडत नाहीत. भाषा जरा मोकळी असते, आईला व्हिडिओ पाठवताना आवाज बंद करून पाठव. अग्रसेन चौकाला मेट्रोतून उतर, पायात जुनी चप्पल, खिशात फोन सोडून काही नको. त्याच दिवशी लहान पोरं लाकडी बैल घेऊन दारोदारी येतात तो तान्हा पोळा, सुटे पैसे ठेव आणि पोरांच्या बैलाचं कौतुक कर, शेजाऱ्यांशी ओळख अशीच होते. त्याच सुमारास चितार ओळीत जा, गणपतीच्या मूर्ती रंगवून राहिलेले असतात, गल्लीभर मूर्ती, डोळे काढायचे बाकी. तिथे बोलू नको, नुसता उभा राहा.

मग येतात महालक्ष्म्या, तुमच्याकडे गौरी म्हणतात त्या. आपल्याकडे विदर्भात त्या जेवणाला माणूस बोलावणं हे जवळजवळ कर्तव्य आहे, आणि तू एकटा राहतो हे कळलं की तुला दोन-तीन घरून तरी सांगावा येईल. सगळीकडे जा. "नको, उगाच त्रास" वगैरे मस्कतचे मॅनर्स घरी ठेव, इथे नाही म्हटलं तर खरंच वाईट वाटतं. सोळा भाज्या, कढी, पुरण, आंबील, वाढणारी बाई तुझ्या नाही म्हणण्याकडे लक्ष देणार नाही, त्यामुळे पानात पहिल्यांदा कमी घ्यायचं. हातात काही न्यायचं तर फुलं ने, फार महाग काही नको. आणि महत्त्वाचं, त्या घरी पुढच्या महिन्यात पुन्हा जा, काही कारण नसताना, चहाला. एकदा जेवून गेलेला पाहुणा असतो, पुन्हा आलेल्याला मग कांदे चिरायला बसवतात.

दीक्षाभूमी तू पाहिली म्हणतो, पण नुसती, रिकामी. स्तूप सुंदर आहेच, पण दसऱ्याला जा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथे दीक्षा घेतली, त्या वर्षी तो दिवस दसऱ्याचा होता, म्हणून आजही दसऱ्याला लाखो लोक येतात, पांढरे कपडे, डोक्यावर वळकटी, म्हाताऱ्या बायका नातवाचा हात धरून, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक त्यांना जेवण, पाणी देत उभे असतात. पुस्तकांचे स्टॉल पहा. रोजंदारीवरचा माणूस पुस्तकांची पिशवी भरून नेतो, हे मी दुसऱ्या कुठल्या जत्रेत पाहिलेलं नाही. फोटो कमी काढ. तुझ्या ऑफिसात कोणी दरवर्षी तिथे पाण्याच्या स्टॉलवर उभं राहत असेल, विचार, आणि एक दिवस त्याच्यासोबत ग्लास भरायला जा.

बाबा म्हणत होते डिसेंबरमध्ये येतो. थंडी छान असते, संत्री पण असतात, पण विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा पाहून तिकीट काढायला सांग. विदर्भाने मराठी राज्यात यावं म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर कराराचं देणं म्हणून आख्खं सरकार थोड्या दिवसांसाठी इकडे येतं, हॉटेलं फुल, सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद, रोज मोर्चे. मोर्चे पाहायला मला आवडतात, तुझ्या आईला आवडतील असं नाही. त्यापेक्षा जानेवारीत या, तेव्हा दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्रात क्राफ्ट मेळा पण असतो बहुतेक.

मराठीची काळजी करू नको, तुझी कोकणातली मराठी ऐकून पोरं हसतील, हसू दे. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे एका वाक्यात हिंदी, दुसऱ्यात मराठी चालतं, तुला कोणी पुणेरी शुद्धलेखन विचारणार नाही. उन्हाळ्याची पण काळजी करू नको म्हटलं असतं, पण मस्कतवाल्यांना वाटतं ऊन आम्हाला माहीत आहे, आणि तुमचं ऊन एसीतून एसीत जातं. मे महिन्यात दुपारी बाहेर नाही पडायचं, एवढंच. कूलर मार्चच्या आधी घे, नंतर दुकानदार भाव करत नाही.

बाकी काय. जेवतो का वेळेवर हे तुझी आई मला विचारते, तूच तिला सांगत जा. आणि शनिवारी सावजीला कुठे नेऊन राहिले ते जायच्या आधी मला कळव. महालाच्या बाहेर कुठे नेत असतील तर त्या पोरांचा नंबर दे, मला बोलायचं आहे त्यांच्याशी.

तुझा,
काका