चमकायचं की मारायचं, आधी ठरव

प्रिय विद्यार्थ्यास,

तुझा आराखडा वाचला. एकाच रेणूने पेशीतला पीएच दाखवायचा आणि लाल दिवा लावताच त्याच पेशीला मारायचंही, असं त्यात आहे. अडचण अशी की शोषलेल्या फोटॉनची ऊर्जा एकदाच खर्च होते. ती प्रतिदीप्तीत, म्हणजे चमकण्यात, गेली तर ट्रिप्लेट या जास्त टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेसाठी उरत नाही, आणि ट्रिप्लेटशिवाय इथे पेशी मारणारा सिंग्लेट ऑक्सिजन नाही. म्हणून सांगाडा एकच ठेव, पण रेणू दोन कर: एक पीएच दाखवणारा संवेदक, एक उपचाराचा.

सांगाडा म्हणून बोडिपी हा बोरॉन असलेला चमकणारा रंग निवडलास हे बरं केलंस. मेसो, म्हणजे मधल्या, जागी फेनिल आणि बाजूला चार मिथिल असलेला साधा बोडिपी 500 नॅनोमीटरच्या आसपास शोषतो. कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये 1 मोल आल्डिहाइडला 2 मोल 2,4-डायमिथिलपायरोल घे, टीएफए या आम्लाचे एक-दोन थेंब टाक आणि नायट्रोजनखाली, अंधारात रात्रभर ढवळ. मग ऑक्सिडीकरणासाठी 1 मोल डीडीक्यू. त्यानंतर ट्रायएथिलअमाइन आणि शेवटी बोरॉन ट्रायफ्लुओराइड इथरेट, दोन्ही सढळ हाताने. पायरोल तपकिरी झालं असेल तर आधी ऊर्ध्वपातन कर, नाहीतर शुद्धीकरणाच्या कॉलमवर डांबरच उतरतं.

संवेदकासाठी मेसो फेनिलवर अमाइन लाव. शेजारच्या मिथिलांमुळे हे फेनिल सांगाड्याला जवळजवळ काटकोनात वळलेलं असतं. त्यामुळे अमाइन रंगात ढवळाढवळ करत नाही, फक्त उत्तेजित बोडिपीला इलेक्ट्रॉन देऊन त्याची चमक विझवतं. प्रोटॉन बसला की हे देणं थांबतं आणि रेणू उजळतो. असा संवेदक पीकेएच्या, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन असतो त्याच्या, वरखाली एकेक एकक एवढ्याच पट्ट्यात उपयोगी असतो. लायसोसोमचा, म्हणजे पेशीतल्या पचनपिशवीचा, पीएच 4.5 ते 5, पेशीद्रवाचा 7.2 च्या आसपास. तुला कुठे पाहायचंय ते ठरवून मगच अमाइन निवड. नायट्रोजनवरच्या मिथिलांच्या जागी एथिल घातले तरी पीकेए वर सरकतो.

उपचाराच्या रेणूला 2 आणि 6 जागी आयोडीन हवं. साधारण 2.5 मोल एन-आयोडोसक्सिनिमाइड पुरतं. जड अणूमुळे ट्रिप्लेटकडे जाणारी वाट रुंदावते आणि चमक जवळजवळ मावळते. ती मावळली म्हणून घाबरू नकोस, तेच तर हवं होतं. मात्र शोषण अजून हिरव्यातच असतं आणि तो प्रकाश रक्त गिळून टाकतं. 3 आणि 5 जागच्या मिथिलांवर आल्डिहाइड जोडून दोन स्टायरिल गट बसवले की शोषण 640 नॅनोमीटरच्या पुढे जातं: टोल्यूइन, पिपरिडिन, अ‍ॅसिटिक आम्ल आणि पाणी काढून घ्यायला डीन-स्टार्क उपकरण. आयोडीन आधी घाल, स्टायरिल नंतर. उलट क्रमाने गेलास तर इलेक्ट्रॉनसमृद्ध वलयावरही आयोडीन चढू शकतं.

सगळ्यात जास्त वेळ मोजमापाला दे. शोषण 0.1 च्या खाली ठेव, नाहीतर द्रावण स्वतःचाच प्रकाश गिळतं आणि क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनांपैकी किती चमकून बाहेर येतात) खोटं येतं. फ्लुओरेसीन हा रंग तुलनेसाठी प्रमाण म्हणून घेणार असशील तर 0.1 मोलार सोडियम हायड्रॉक्साइडमध्येच घे. त्याचा पीकेए 6.4 आहे, साध्या पाण्यात आकडा हलतो. द्रावकं वेगळी असतील तर आकडेमोडीत अपवर्तनांकाचा वर्ग विसरू नकोस. पाणी आणि इथेनॉल यांच्यात 4 टक्के फरक पडतो.

मग पुंजके. हे रेणू पाण्यात एकमेकांना चिकटतात. तसे चिकटले की चमकही जाते आणि सिंग्लेट ऑक्सिजनही घटतो. दहापट विरळ करत शोषणाचा आलेख काढ. आकार बदलला, निळ्या बाजूला खांदा दिसला, तर पुंजके आहेत. थोडं डिटर्जंट किंवा अल्ब्युमिन घालून चमक परत येते का तेही बघ. ‘पेशीत शिरताच उजळतो’ अशी ख्याती मिळवलेला संवेदक कधीकधी पेशीच्या पटलात जाऊन फक्त पुंजक्यातून सुटा झालेला असतो.

सिंग्लेट ऑक्सिजन मोजताना डीपीबीएफचं, म्हणजे त्या ऑक्सिजनने मोडणाऱ्या संयुगाचं, 410 नॅनोमीटरवरचं शोषण कसं उतरतं ते पाहा, पण दिव्यापुढे 500 च्या खालचा प्रकाश अडवणारा फिल्टर लाव. डीपीबीएफ स्वतःही निळ्या-जांभळ्या प्रकाशात मोडतं. रंगाविना एक नमुना आणि नायट्रोजन सोडलेला एक नमुना लागेलच. दुसऱ्यातही उतार तसाच राहिला तर तू मोजतोयस ते सिंग्लेट ऑक्सिजन नव्हे.

पेशींवर चार गट हवेत: काहीच नाही, फक्त रंग, फक्त प्रकाश, दोन्ही. 20 मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर दराने 500 सेकंद म्हणजे 10 ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर. डीएमएसओ हे द्रावक 0.5 टक्क्याच्या आत ठेव, फिनॉल रेड हा रंग नसलेलं माध्यम वापर. प्लेट खोलीच्या उजेडात उघडी राहिली तर ‘फक्त रंग’ गटातल्याही पेशी मरतात आणि दोष रंगाच्या विषारीपणावर जातो.

पुढच्या पत्रात आधी विरलीकरणाचा आलेख पाठव. पेशींचे फोटो नंतर पाहू.

तुझा,
मार्गदर्शक