वाचकांचे प्रश्न : गाडी खाली घेतली आणि स्टीअरिंग जड झालं

प्रश्न : जुनी, मागच्या चाकांवर चालणारी, रॅक (पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा) असलेली गाडी आहे. आखूड स्प्रिंगा घालून पुढून ५० मिमी खाली घेतली. त्याच वेळी १५५ रुंदीचे टायर काढून १८५ चे बसवले, नवे रिम आले आणि ४०० मिमीचं मूळ स्टीअरिंग व्हील जाऊन ३४० मिमीचं आलं. आता गाडी पार्क करताना दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. स्प्रिंगा परत बदलाव्यात का?

उत्तर : स्प्रिंगांना इतक्यात हात लावू नका. तुम्ही एका दमात चार बदल केलेत आणि दोष मात्र एकट्या उंचीच्या माथी मारताय. हे चारही वेगळे करून पाहू.

उभ्या गाडीचं चाक वळवायला लागणारा जोर मुख्यत्वे दोन अंतरांवर ठरतो. एक म्हणजे जमिनीला टेकलेल्या टायरच्या पट्ट्याची रुंदी. दुसरं म्हणजे स्क्रब, म्हणजे चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं ती रेषा जमिनीला जिथे भेटते तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर. ढोबळ हिशेब असा : रुंदीचा वर्ग भागिले ८, त्यात स्क्रबचा वर्ग मिळवा आणि बेरजेचं वर्गमूळ काढा. १५५ च्या टायरचा पट्टा १२० मिमी आणि स्क्रब २० मिमी धरला, तर उत्तर येतं ४७. १८५ च्या टायरचा पट्टा साधारण १५० मिमी. नवे रिम चाकाला १५ मिमी बाहेर ढकलत असतील तर स्क्रब ३५ होतो आणि उत्तर ६३ च्या पुढे जातं, म्हणजे ३५ टक्के वाढ. त्यावर लहान व्हीलमुळे हाताचा जोर ४०० भागिले ३४० या पटीत, म्हणजे आणखी १८ टक्क्यांनी वाढतो. दोन्ही मिळून जवळपास ६० टक्के. आणि या हिशेबात गाडीची उंची कुठे आलीच नाही!

आता हाच हिशेब १६५ चे टायर (पट्टा १३० मिमी), मूळ ऑफसेटचे (चाक बाहेर न ढकलणारे) रिम आणि ३८० मिमीचं व्हील धरून करा. वाढ उरते फक्त १२ टक्के. ती हाताला फारशी जाणवणारही नाही. हलक्या जुन्या गाडीला १८५ चे टायर दिसायला भारदस्त, पण पॉवर नसलेल्या स्टीअरिंगला ते ओझंच, असं आमचं स्पष्ट मत आहे. टायर लगेच बदलायचे नसतील तर आधी पुढची हवा ३-४ पीएसआयने वाढवून पाहा (टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आतच). चाकामागे स्पेसर (चाक बाहेर ढकलणारी चकती) घातला असेल तर काढा. १० मिमीचा स्पेसर स्क्रब पूर्ण १० मिमीने वाढवतो.

रिम लहान व्यासाचे घेतले असतील तर तेही लक्षात घ्या. वळणाची रेषा वर आत आणि खाली बाहेर अशी तिरकी असते. चाकाची त्रिज्या २० मिमीने कमी झाली आणि रेषेचा कल ९ अंश असला, तर स्क्रब आणखी ३ मिमीने वाढतो.

उंचीचा थेट दोष येतो तो टो मध्ये, म्हणजे वरून पाहिलं तर चाकं किती आत किंवा बाहेर पाहतात त्यात. आर्म (चाकाला धरणारे सस्पेंशनचे दांडे) वर उचलले गेले की टाय रॉडचा (रॅकपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा) कोन बदलतो आणि चाकं आत किंवा बाहेर पाहू लागतात. गाडी खाली घेतल्यावर टो पुन्हा लावला नसेल तर टायर सतत घासत चालतो. रिमच्या कडेला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, पुढे आणि मागे अंतर मोजा. कंपनीचा आकडा हाताशी नसेल तर अशा गाडीला ० ते ३ मिमी टो-इन (पुढचं अंतर मागच्यापेक्षा तितकं कमी) चालतो. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा, नाहीतर स्टीअरिंग व्हील तिरकं बसेल.

प्रश्न : दोष टायरचा की सांध्यांचा, हे गॅरेजमध्ये कसं ठरवायचं? जॅकवर घेतली की स्टीअरिंग एका बोटाने फिरतं, खाली ठेवली की जड.

उत्तर : जॅकवरची ही तपासणी सगळे करतात आणि खाली घेतलेल्या गाडीच्या बाबतीत तीच फसवते. बॉडीखाली जॅक लावला की चाकं लोंबकळतात, आर्म पूर्ण खाली जातात. ज्या स्थितीत गाडी रस्त्यावर कधीच नसते, त्या स्थितीत तुम्ही सांधे तपासता. शिवाय सांध्यांवर भारही नसतो. कोरडा बॉल जॉइंट (वाटीत गोळा फिरणारा सांधा) बिनभाराने लोण्यासारखा फिरतो आणि भार आला की धरतो.

म्हणून असं करा. मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. पुढची बाजू उचलून दोन्ही खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितकं जवळ जमेल तितकं, स्टँड ठेवा. मध्ये लाकडाचा सपाट तुकडा द्या, म्हणजे आर्म घसरणार नाही. मग गाडी हळूहळू त्या स्टँडवर सोडा. टायर जमिनीपासून बोटभर वर राहिले की पुरे. आता वजन स्प्रिंगांवर आहे, आर्म रस्त्यावरच्याच कोनात आहेत आणि फक्त टायर मोकळे आहेत. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असेल तर वरच्या बेअरिंगवरही भार येतो. तेच बेअरिंग बऱ्याचदा गुन्हेगार निघतं. अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे असतील तर स्टँड अ‍ॅक्सलखाली.

या स्थितीत व्हीलच्या कडेला दोरी बांधून स्प्रिंग काट्याने ओढा आणि आकडा लिहून ठेवा. नंतर चाकं लोंबकळत ठेवून तेच करा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि कमी असतील तर सांधे ठीक आहेत, टायर-रिमचा हिशेब पाहा. भार असताना आकडा दुप्पट-तिप्पट होत असेल तर सांधा धरतो आहे. दोन्ही वेळा सारखाच जास्त असेल तर रॅक किंवा कॉलम (स्टीअरिंग व्हीलपासून खाली जाणारा दांडा) बघा.

पुढची पायरी म्हणजे टाय रॉड एंड पुलरने सोडवणं. नटावर हातोडा मारू नका, आटे जातात. मग प्रत्येक हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. एक हब सुटा फिरतो आणि दुसरा धरतो, असं झालं की बाजू सापडली. त्या बाजूचा बॉल जॉइंट टॉर्च मारून पाहा : पिन वाटीच्या काठाला टेकते आहे का? टेकत असेल तर तिथे घासून चकाकलेली रेघ दिसते आणि रबर बूट चिमटलेला असतो. मग ग्रीस कितीही भरा, उपयोग नाही. पिन मर्यादेला पोचली आहे आणि पुढेमागे ती तुटू शकते. स्प्रिंग बदलून गाडी १५-२० मिमी वर घ्या, किंवा त्या मॉडेलला मिळत असतील तर ड्रॉप स्पिंडल बसवा. त्यात गाडी खाली येते, पण आर्मचे कोन मूळचेच राहतात.

प्रश्न : माझी गाडी ट्रायम्फ हेरल्ड, जुनी ब्रिटिश. वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही, हाताने आणावं लागतं. ग्रीस नियमित मारतो.

उत्तर : दुखणं ग्रीसमध्येच आहे. हेरल्ड आणि स्पिटफायर या गाड्यांत खालच्या बाजूला बॉल जॉइंट नसतो. आट्यांचा पितळी ट्रनियन असतो आणि पोलादी उभी लिंक त्यात स्क्रूसारखी फिरते. त्यात ग्रीस नव्हे, ईपी ९० गिअर ऑइल घालायचं असतं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत जात नाही, वरच वाळून बसतं. खाली पाणी शिरतं, पोलाद गंजतं, स्टीअरिंग धरू लागतं आणि शेवटी लिंक आट्यांपाशी तुटून चाक आडवं पडतं. हा धोका खरा आहे, पुढे ढकलू नका.

ट्रनियन सोडवून जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुवा. आट्यांवर खड्डे दिसले तर लिंक आणि ट्रनियन दोन्ही नवे घ्या, एकच बदलू नका. एका बाजूचे आटे उजवे आणि दुसऱ्या बाजूचे डावे असतात, तेव्हा सुटे भाग मागवताना बाजू सांगा. ट्रनियन पूर्ण आवळून, मग हबला दोन्हीकडे पूर्ण वळण मिळेल इतपत मागे फिरवा. तेल भरताना चाक जमिनीवरून उचला आणि वरून ताजं तेल बाहेर येईपर्यंत पंप मारा. नंतर दर ५,००० किमीला पुन्हा.

प्रश्न : स्टीअरिंग एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. सीट खाली केल्यामुळे कॉलमही ब्रॅकेट लावून खाली आणला आहे.

उत्तर : फेरीत दोनदा म्हटलंत, तिथेच उत्तर मिळालं. युनिव्हर्सल जॉइंट (कॉलमचे दोन दांडे कोनात जोडणारा सांधा) कोनात फिरला की वेग आणि जोर प्रत्येक फेरीत दोनदा बदलतात. कोन जितका मोठा तितकं ते जास्त जाणवतं. कॉलम खाली आणल्याने कोन वाढला. दोन जॉइंट असतील तर मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत आहेत का ते पाहा. एक दाता चुकून बसला तरी दोष होतो. क्रॉसच्या सुया गंजल्या असतील तर जॉइंट बदलाच.

गाडी क्लासिक मिनी असेल तर प्रकरण वेगळं. तिथे कॉलम थेट रॅकच्या पिनियनवर (रॅक सरकवणाऱ्या लहान दातेरी चाकावर) बसतो, मध्ये जॉइंट नाही. ब्रॅकेटने कॉलम वाकडा ओढला की पिनियनवर बाजूचा दाब येतो. रॅकचे यू-बोल्ट आणि कॉलमचे वरचे बोल्ट सगळे सैल करा, व्हील दोन-तीनदा पूर्ण फिरवून रॅकला आपली जागा घेऊ द्या, मग आधी यू-बोल्ट दोन्हीकडे सारखे, थोडे-थोडे आवळा आणि शेवटी कॉलम. कॉलमला ब्रॅकेटपर्यंत आणायला जोर लावावा लागत असेल तर ब्रॅकेटच चुकीचं आहे.

रॅकचा डँपर (रॅकला पिनियनवर दाबून धरणारा भाग) कोणी "ढिलाई काढायला" जास्त आवळला आहे का, तेही बघा. शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून तिथे साधारण ०.०५ ते ०.१३ मिमी मोकळीक ठेवतात. शून्य केली की रॅक मध्यावरच धरतो.

प्रश्न : फोक्सवॅगन बीटल पुढून ५० मिमी खाली आहे, मागे मूळ उंची. स्टीअरिंग हलकं आहे, पण वेगात गाडी भटकते. कॅस्टर (बाजूने पाहिल्यावर वळणाच्या रेषेचा मागे झुकाव) वाढवणाऱ्या शिम घातल्या तर जड होईल का?

उत्तर : थोडं होईल, आणि तेवढं व्हायलाच हवं. २४०० मिमी व्हीलबेसवर पुढची बाजू ५० मिमी झुकली की कॅस्टर सुमारे १.२ अंशाने कमी होतो. बीमच्या (पुढच्या सस्पेंशनच्या आडव्या नळ्यांच्या जोडीच्या) खालच्या नळीमागे शिम घातल्याने तो परत येतो. बोल्ट त्या मानाने लांब घ्या. मूळ आकड्यापर्यंतच आणा. पुढे जाऊन "आणखी स्थिर" करायला गेलात तर खरोखर जड होईल. उलट, पाटे किंवा स्प्रिंगा दमून मागची बाजू बसलेल्या गाडीत कॅस्टर आपोआप वाढतो, तिथे आधी मागची उंची सुधारा.

मोजायचं असेल तर चाक २० अंश बाहेर आणि २० अंश आत वळवून दोन्ही वेळचा कँबर (समोरून पाहिल्यावर चाकाचा कल) घ्या. फरकाला १.४६ ने गुणा, कॅस्टर मिळेल. चाकाखाली दोन पत्रे ठेवा आणि त्यांच्या मध्ये ग्रीस लावा.

प्रश्न : हे सगळं करण्यापेक्षा इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगच लावलं तर?

उत्तर : धरलेल्या सांध्यावर मोटर लावली तर दोष फक्त लपतो, आणि तुटायची वेळ आल्याचं हाताला कळतही नाही. सांधे आणि टो नीट करून मगच विचार करा. दुसरी अडचण विजेची. पार्किंगच्या वेळी अशी मोटर काही क्षण ३५-५० अँपियर खेचते. लुकास सी ४० सारखा जुना डायनॅमो २२ अँपियरचा, म्हणजे आल्टरनेटर लागणारच. वायर बॅटरीपासून थेट आणि जाड घ्या, फ्यूज बॅटरीजवळ ठेवा आणि अर्थ बॉडीच्या रंग खरवडलेल्या जागेवर करा. मोटर कॉलममध्ये कापून बसवायची असेल तर वेल्डिंग जाणत्या माणसाकडूनच. मदतीचा जोर कमी-जास्त करायचं बटण असेल तर सुरुवात सगळ्यात कमीवर करा.